चोवीस बांध्या आणि एक खिडकी

कुरखेड्यात गावठी धानाचे वाण जपणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी दोन वर्षं संगणक सांभाळायला होते. संस्थेच्या मागे चोवीस बांध्या होत्या, म्हणजे धानाचे लहान लहान तुकडे, प्रत्येकात वेगळं वाण. त्यांची देखभाल करणारे भाऊ पन्नाशी उलटलेले, जवळच्याच गावचे शेतकरी. दर सोमवारी ते प्रत्येक बांधीचे फोटो काढून आणत आणि आमच्या एकुलत्या संगणकावर त्या त्या वाणाच्या फोल्डरमध्ये ठेवत.

पण ते फोल्डर कधी बंद करत नसत. चोवीस फोल्डर, चोवीस खिडक्या, सगळ्या बारीक करून पडद्यावर पसरलेल्या. मला साधं पत्र टाईप करायचं तरी त्या गर्दीतून वाट काढावी लागे. काम झालं की बंद करत जा, असं मी एकदोनदा सांगून पाहिलं. ते हो म्हणाले आणि खिडक्या तशाच ठेवून जेवायला गेले.

शेवटी मी इंटरनेटवरून एक छोटासा प्रोग्रॅम उतरवून घेतला. उघडे असतील तेवढे फोल्डर तो एकाच खिडकीत गोळा करी आणि वर एका रांगेत नावांच्या पट्ट्या लावी, अकारविल्हे. पडदा लख्ख झाला. मी स्वतःवर इतकी खूश होते की भाऊंना मुद्दाम खुर्चीवर बसवून दाखवलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. साजरं आहे म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवसापासून ते फोटोंचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवून जाऊ लागले. संगणकाला त्यांनी हात लावला नाही. मला वाटलं, चला, शिस्त लागली.

धान पोटरीत आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा चार बांध्यांत पानांच्या कडा वाळू लागल्या. करपा होता. संस्थेच्या मोठ्या मॅडमनी माझ्याकडे अहवाल मागितला. मी एकेक पट्टी उघडून फोटो पाहिले. रोग तिसऱ्या, नवव्या, चौदाव्या आणि बाविसाव्या पट्टीत. एकाचा दुसऱ्याशी संबंध दिसेना, म्हणून लिहून टाकलं की ही चार वाणं नाजूक आहेत, पुढच्या वर्षी लावू नयेत. सही करण्याआधी मॅडमनी भाऊंना बोलावून ते वाचून दाखवलं.

भाऊ माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"बाई, तुमी माह्या बांध्या गोळा करून ठेवल्या, म्हणून तुमाले दिसलं नाई. या चारी एकाखाली एक हायेत. पहिल्यासारख्या लावून द्या, मी मॅडमले दाखवतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेतात जी बांधी जिथे, पडद्यावर तिची खिडकी तिथेच होती. वर तलावाची बाजू, खाली नाला. मी अख्खं शेत उचलून अकारविल्हे लावलं होतं.

प्रोग्रॅम नुसतं गोळा करतो, अशी माझी समजूत. धुंडाळल्यावर कळलं की तो खिडक्या मांडूनही देतो आणि ती मांडणी लक्षातही ठेवतो. भाऊ शेजारी बसून सांगत गेले, मी सरकवत गेले. तासाभराने शेत उभं राहिलं, आणि वाळलेल्या कडांच्या चार खिडक्या वरून खाली एका ओळीत आल्या, ओघळासारख्या. मॅडम शेतावर जायला चपला घालू लागल्या.

सगळ्यात वरच्या धुऱ्याला, म्हणजे दोन शेतांमधल्या मातीच्या बांधाला, खेकड्यांनी भोक पाडलं होतं. शेजारच्या करपा पडलेल्या शेतातलं पाणी रोग घेऊन तिथून आत येऊन बांधीमागून बांधीत उतरत होतं. भाऊंनी चिखलाने भोक बुजवलं. अहवाल मी स्वतः फाडला. चारही वाणं पुढच्या वर्षी लावली गेली.

मात्र भाऊंचं समाधान झालं नव्हतं. प्रोग्रॅमने खिडक्या एकमेकींना अगदी चिकटवून लावल्या होत्या.

"धुरे कुठी हायेत? माणूस चालन कुठून?"

मध्ये जागा सोडायचीही सोय होती. मी पाचचा आकडा घातला. भाऊंनी मान हलवली. दहा घातला, तरी नाही. पंचवीसला ते खुर्चीत मागे टेकले. पत्र छापायला आलेल्या मॅडम आमच्या मागे कधीच्या उभ्या होत्या. त्यांचं म्हणणं पडलं, नाल्याच्या बाजूला अजून थोडी जागा हवी.