एक जूनची लेकरं

जाधवबाईंना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. शाळेच्या ऑफिसात आल्या की माझ्या टेबलाला टेकून उभ्या राहायच्या. हेल्मेट डोक्यावरच, काच तेवढी वर केलेली. चहा दिला तर उभ्यानंच बशीत ओतून दोन घोटांत संपवायच्या. "बाई, टेका की जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसलं की रुतलं, जोशीभाऊ. तुमचं चालू द्या." म्हणजे मी रुतलेलाच, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. आमच्याकडे दोन पिढ्या कारकुनी. बूड स्थिर असणं हाच घराण्याचा गुण.

मी तेव्हा मराठवाड्यातल्या आमच्या शहरात, गारखेडा भागातल्या एका खाजगी मराठी शाळेत लिपिक होतो. बाई बिडकीनकडच्या, शेतकरी घरातल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर माणसं तीर्थाला जातात, गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जातात. बाई स्कूटी घेऊन लोकांची पोरं शाळेत घालत हिंडायच्या. दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि शहर मात्र चहूबाजूंनी फुगत चाललेलं. जिथे कालपर्यंत ज्वारी होती तिथे सहा मजले. "प्यायाला नाय, पण भिंतीवर मारायला हाय पाणी," असं म्हणून बाई त्या बांधकामांकडे बघायच्या आणि त्याच बांधकामांवर जाऊन पोरं गोळा करायच्या. गावं सोडून आलेली कुटुंबं तिथेच पत्रे ठोकून राहायची.

दुसरी माणसं त्याहून लांबून आलेली. आमच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थी पूर्वीपासून येतात. येमेनमध्ये लढाई पेटली तेव्हा इथे शिकणाऱ्या कितीतरी जणांच्या बायकामुलांनी कसंबसं हे शहर गाठलं आणि ती इथेच अडकली. घरभाडं चालू, तिकडून येणारे पैसे बंद, परत जायला गाव शिल्लक नाही. बाईंना त्यांच्या अरबीची एक ओळही येत नव्हती. पण औरंगपुऱ्यातला वह्यांचा ठोक दुकानदार, आठवड्यातून एकदा फुकट तपासणारे डॉक्टर, दुभाष्याचं काम करणारी विद्यापीठातली पोरं, टँकरवाला, आणि आमच्यासारख्या सात-आठ शाळांचे कारकून, एवढ्यांना त्यांनी एका दोरीत ओवलं होतं. मी एकदा विचारलं, "बाई, आपली दुष्काळातली माणसं कमी आहेत का, की ही परदेशातली अंगावर घेता?" तशा फटकन म्हणाल्या, "पाणी आटलं म्हणून एक निघाला, बंदुका आल्या म्हणून दुसरा. गाव सुटायचं दुःख काय येगळं असतं व्हय?"

या सगळ्या कारभाराला ना ऑफिस, ना लेटरपॅड. भांडवल एकच, बाईंचा शब्द. दाखला नाही म्हणून लेकरू परत पाठवू नये असं कायद्यात आहे. पण कायदा भिंतीवर चिकटवलेला असतो आणि मुख्याध्यापक खुर्चीत बसलेले असतात. कागद नसलेलं मूल म्हटलं की आमच्या कपाळाला आठ्या. बाई मात्र म्हणायच्या, "माझ्या शब्दावर घ्या. कागद उद्या बी येईल, लेकराचं वरीस परत येत नाय." आणि आम्ही घ्यायचो. कारण बाई पुढे त्या मुलाच्या मागे वर्षभर लागायच्या, गैरहजर राहिलं तर पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन कान धरून आणायच्या.

जन्मतारखेचा प्रश्न त्यांनी त्यांच्या खात्याच्या जुन्या रीतीनं सोडवला होता. हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरता आला की सहा वर्षं पूर्ण, आणि तारीख एक जून. मराठवाड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला असतो तो असाच, गुरुजींच्या कृपेनं. त्यात कुणाचं काही बिघडलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

येमेनहून आलेल्या रीमला त्या घेऊन आल्या ती दुपार मला लख्ख आठवते. हडकुळी, मोठ्या डोळ्यांची पोर. आईच्या बुरख्याचं टोक मुठीत. त्यांचे पासपोर्ट नूतनीकरणासाठी दिल्लीला गेलेले. मी आईला तारीख विचारली. बरोबरच्या विद्यार्थ्यानं विचारून सांगितलं, "रजब महिना." वर्ष सांगितलं तेही हिजरी, मुस्लिम कालगणनेतलं. मी पेन घेऊन बसलो. बाहेर पालकांची रांग, पंखा बंद, घामानं रजिस्टरचं पान मनगटाला चिकटतंय. बाई म्हणाल्या, "लिहा एक जून. आन् दोन वरसं खाली घ्या. वयाच्या वर्गात टाकली तर मराठीनं बुजंल लेकरू. तिसरीत बसू द्या, म्हणजे मुळापासून शिकंल." वयाप्रमाणे वर्ग द्यायचा हा नियम, तेव्हा वर्ग खालचा हवा तर वयही खालचं हवं. मी लिहिलं. माझ्याच अक्षरात, झोकदार.

पोर शिकली. अशी शिकली की सहावीत आमच्या मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला लागली. आणि बोलायची मात्र थेट जाधवबाईंसारखी! "बाई, लई ऊन हाय, डोकं बांधा ना," असं तिनं म्हटलं की ऑफिसातले आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. आईला हिंदी जेमतेम; दवाखान्यात, बाजारात, घरमालकाशी भांडायला रीमच पुढे.

ती आठवीत असताना त्यांच्या घराला नशिबानं दार उघडलं. वडिलांचा भाऊ दुसऱ्या एका देशात स्थायिक झालेला, त्याच्यामुळे सगळ्या कुटुंबाला तिकडे कायमचं घेतलं जाणार होतं. दिल्लीत मुलाखत आठ दिवसांवर. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले हवे होते. रीमची आई माझ्या टेबलासमोर उभी, चेहरा उजळलेला, हातात मिठाईचा पुडा. मी दाखला लिहायला घेतला आणि सहज रीमचं, दिल्लीच्या निर्वासित कचेरीनं दिलेलं ओळखपत्र मागितलं. तारीख ऑगस्टमधली. वर्ष दोननं आधीचं.

दिल्लीच्या कागदावर एक मुलगी आणि आमच्या दाखल्यावर दुसरीच. बाकी घर जाईल, ही चौकशीत मागे राहील. नाहीतर हिच्यापायी सगळेच राहतील. शिवाय एकदा दाखला दिला, मुलीनं शाळा सोडली, की रजिस्टरातली तारीख बदलून मिळणं जवळजवळ अशक्य. मी पेन खाली ठेवलं आणि बाईंना फोन लावला.

मुख्याध्यापकांना सांगितलं तर त्यांनी दार लावून घेतलं. "जोशी, एका आकड्याचा आणि एका महिन्याचा प्रश्न आहे. शाई जुळवा आणि मोकळे व्हा." खोटं कशाला सांगू, मी तयार झालो होतो. जुन्या कारकुनाला ब्लेडनं शाई खरवडता येते. पान उघडलं, ब्लेड काढलं, आणि बाई आत आल्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे.

"ठिवा ते."

"बाई, आठ दिवस आहेत. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, अर्ज, चौकशी, कधी होणार?"

"खाडाखोड दिसली तर त्या लेकराला लबाड म्हणतील, आपल्याला नाय. चूक माझी हाय. माझ्या नावानं दुरुस्त व्हईल."

"अहो, पण लेखी द्यावं लागेल! तुम्ही अंदाजानं तारखा सांगता हे एकदा कागदावर आलं की तुमच्या शब्दाला कोण विचारणार?"

बाईंनी हेल्मेटची काच दोनदा खालीवर केली. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी साहेबांकडं जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शिक्षणाधिकाऱ्यांपुढे. तिथेही बाई उभ्याच. साहेब भले गृहस्थ होते, वाट काढायला बघत होते. "कारण 'लिपिकाची नजरचूक' लिहू या का?" माझा जीव टांगणीला. बाई म्हणाल्या, "नजर यांची चांगली हाय. तारीख मी सांगितली. वय बी मीच कमी केलं, जाणूनबुजून. लिहा तसंच."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, मग तुमच्या शब्दावर घेतलेल्या बाकीच्या मुलांचं काय?"

"त्यांचं बी तपासा. बरीच लेकरं एक जूनची हायेत."

बाहेर आल्यावर मी चिडलो. रस्त्यावर, भर उन्हात ओरडलो त्यांच्यावर, "एका पोरीसाठी सगळ्या कामावर पाणी सोडलंत!" त्या स्कूटीला किल्ली लावत म्हणाल्या, "अन् बाकीच्यांच्या बी कपाळी हेच लिहून ठिवलंय की मी, जोशीभाऊ. कुणाचं कधी निघंल काय ठाव?" आणि गेल्या पुढच्या टेबलाकडे, मंजुरीच्या मागे. पाच दिवस त्या बाई घरी जेवल्या असतील असं मला वाटत नाही. सहाव्या दिवशी मंजुरीचं पत्र हातात आलं. मी जुन्या तारखेवर एक आडवी रेघ मारली आणि लाल शाईनं, पत्राच्या क्रमांकासकट, खरी तारीख लिहिली.

रीम निरोपाला आली ती मात्र रागावलेली. आई बाईंचे हात डोळ्यांना लावून रडत होती आणि पोर कोपऱ्यात घुम्यासारखी उभी. मग एकदम फुटली. "बाई, तिकडं मला वयाच्या वर्गात बसवणार. दोन इयत्ता वर. मला गणित नाय येणार, भाषा नाय येणार. तवा मला खाली का बसवलं तुमी?" मला वाटलं, बाई समजावतील, चांगल्यासाठी केलं म्हणतील. त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "व्हय गं माय. चुकलं माझं. तुला इचारलंच नाय, तुझ्या आईला बी धड इचारलं नाय. मला घाई लई." पोर त्यांच्या गळ्यात पडली. मी रजिस्टरात तोंड खुपसून बसलो, पण मला अक्षर दिसत नव्हतं.

त्यांचं घर सुखरूप गेलं. इथे व्हायचं ते झालं. सगळ्या शाळांना तपासणीचं पत्र आलं, आणि जे कारकून बाई दिसल्या की चहा मागवायचे ते फायलीत डोकं घालायला लागले. बाई तो सगळा उन्हाळा दारोदार फिरल्या. प्रत्येक एक जूनच्या लेकराच्या आईला गाठून खरा दिवस विचारायचा, दवाखान्याची चिठ्ठी शोधायची, अर्ज करायचा. त्या उन्हानंच त्यांना खाल्लं असं मी मानतो. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या जूनचं.

शाळा उघडून दोन दिवस झाले होते. बाई एका बांधकामावरची आई आणि तिची मुलगी घेऊन आल्या. मूल सहा-सात वर्षांचं, कागद एकही नाही. मुख्याध्यापक आतूनच म्हणाले, "बाई, माफ करा. आता नुसत्या शब्दावर नाही." बाईंनी वाद घातला नाही. त्यांचा हात मुलीच्या डोक्यावर होता तो तसाच राहिला. मग त्या आईला म्हणाल्या, "चल गं," आणि वळल्या.

मला काय झालं कोण जाणे. मी खुर्चीतून उठलो. "थांबा," म्हटलं. त्या मुलीच्या आईला विचारलं, "ताई, हिच्या जन्माच्या वेळी सण कुठला होता?"

ती बावरली. मग म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. बैलांचे रंग बी उतरले नव्हते."

"कितवं वर्ष?"

"आमच्या गावची हीर पयल्यांदा आटली ना, ते साल. पाठचा पोळा धरून सात झाले."

मी घरी बायकोला फोन केला. जुनी कॅलेंडरं ती टाकत नाही, फडताळात अंथरते. तिला डबे काढायला लावले, बरण्या काढायला लावल्या. तिनं मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण त्या सालचं कॅलेंडर पिठाच्या डब्याखाली निघालं आणि पोळ्याची तारीख मिळाली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. रीमच्या वेळी रजब म्हणजे कुठला महिना हे विचारायला वीस मिनिटं काढली असती तर? शेजारच्या गल्लीतल्या मशिदीत बसणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्यानं सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण रांग होती आणि पंखा बंद होता.

मी हमीपत्र लिहिलं. आईचा अंगठा घेतला. खाली साक्षीदार म्हणून माझं पूर्ण नाव लिहिलं, सही केली आणि कागद मुख्याध्यापकांपुढे नेऊन ठेवला. "उद्या काही निघालं तर मला विचारा, साहेब." त्यांनी कागद जवळ ओढला आणि सही केली.

बाईंनी तो कागद हातात घेऊन वाचला. पुन्हा वाचला. "जोशीभाऊ, पुढं काय झालं तर नोकरीवर येईल तुमच्या."

"येऊ द्या," मी म्हणालो, "मी आईला विचारून लिहिलंय."

त्यांनी मान हलवली आणि मुलीला माझ्याकडे ढकललं. "मंग हिला वर्गात तुमीच न्या." मी त्या पोरीचं बोट धरून पहिलीच्या वर्गाकडे निघालो.