नवऱ्याची चौकशी आली तेव्हा

"कस्तुरीला ह्यातलं एक अक्षर कळू दिऊ नका. कळलं की पोरगी ट्रंक उचलून मैंदर्गीला म्हायेरी जाऊन बसंल, आन् तिचा बाप हितं दारात येऊन उभा ऱ्हाईल."

कस्तुरी म्हणजे मी. आणि हे वाक्य अर्थातच माझ्यासाठी नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ते मामंजींच्या कानात सांगत होत्या. पण आत्याबाई कानात बोलल्या तरी पार सोलापूरच्या बाळीवेशीपर्यंत ऐकू जातं, आणि मी तर पडद्याच्या अलीकडे चहाचे कप घेऊन उभी!

कपबशा अशा खडखडायला लागल्या, की आतून मामंजी म्हणाले, "दारात टांगा आला काय गं?"

त्यानंतर माझ्या हातून जे झालं ना, ते सांगायला आधी धीर गोळा करावा लागतो. तेव्हा चहा घ्या, आणि मध्येच हसू नका. मी मुळातच कमी बोलते. एकदा थांबले तर पुन्हा सुरू होणं कठीण.

लग्नाची हळद नखांतून अजून गेली नव्हती. आमचे 'हे' बी.एस्सी. झालेले, मामंजींच्या डाळीच्या दुकानात बसायचे. माझ्या अप्पांनी बैठकीत एकच अट घातली होती, मुलगा सोलापूर सोडून जाणारा नको. मामंजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "दुकान सोडून कुटं जातोय त्यो?" झालं! सुपारी फुटली.

आणि आता हे 'कळू देऊ नका'. काय कळू देऊ नका? आजार? कर्ज? गुलबर्ग्याला दुसरी बायको? नव्या सुनेच्या डोक्यात काय काय येतं हे तुम्हाला सांगायला नको.

मग मी बघायला लागले. बोलत नाही ना, त्यामुळे मला दिसतं फार.

पहिली गोष्ट. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी हे कॅनव्हासचे बूट घालून घराबाहेर.

"कुठं निघालात?"

"तळ्याला चक्कर मारून येतो. हवा चांगली असते."

आता मला सांगा, चांगली हवा खायला सोलापुरात पळत सुटलेला माणूस तुम्ही पाहिलाय कधी? तोही ऐन एप्रिलात?

दुसरी गोष्ट. माडीवरच्या खोलीचं दार लोटून आरशासमोर ताठ उभे, आणि इंग्रजी चालू. "येस सर. नो सर. आय विल टेक द रिस्पॉन्सिबिलिटी, सर." मी मॅट्रिक झालेय, एवढं इंग्रजी मला कळतं. म्हणजे कुणीतरी यांना समोर उभं करून दरडावणार होतं, आणि हे सगळं आपल्या अंगावर घेणार होते!

तिसरी गोष्ट तर ऐकूच नका. परसातल्या चिंचेच्या फांदीला आडाचा दोर बांधून हे हातांवर वर चढत होते. वर पोचले, तिथून भिंतीवर, आणि भिंतीवरून धप्पकन पलीकडे.

मी धुणं टाकून आत्याबाईंकडे पळाले. "आत्याबाई, हे भिंत ओलांडून गेले!"

"वात हाय त्याला," आत्याबाई शेंगा निवडता निवडता म्हणाल्या. "वैद्यानं पळायला सांगितलंय."

"आणि दोरावर चढायला?"

"वरच्या अंगाचा वात हाय."

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून घाबरायचं काय? अहो, दिवस कसले होते! आणीबाणीचे. पलीकडच्या गल्लीतले एक मास्तर सकाळी दूध आणायला गेले, ते परस्पर पोलिसांच्या गाडीतून गेले. घरी किटली तेवढी आली. गल्लीतली माणसं रेडिओचा आवाजसुद्धा विचारून वाढवत होती. अशा दिवसांत तुमचा नवरा पहाटे कुठंतरी जातो, जबाब पाठ करतो आणि भिंतीवरून उड्या मारतो! तुम्हाला काय वाटेल? मला जे वाटायचं तेच वाटलं. हे भूमिगत चळवळीत आहेत, उद्या तुरुंगात जाणार आहेत, आणि तिथून पळायची तालीम आधीच चाललीय.

त्यातच हे "गुलबर्ग्याला मावशीकडं" म्हणून गेले आणि काही दिवसांनी परत आले ते दोन्ही कोपरं सोलून, गुडघा सुजवून.

"मावशीकडं काय झालं?"

"जिना जरा खराब आहे त्यांचा."

मी मुकाट्यानं हळद लावली. मावशींचं घर मी लग्नात पाहिलं होतं. पत्र्याचं, बैठं. जिना आणायचा कुठून?

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ, बापलेक दुकानात, आत्याबाई शेजारच्या गौराक्कांकडे पापड लाटायला. दारावर टकटक झाली. फटीतून बघते तर खाकी!

देवा सिद्धरामा! माझे पाय जे उंबऱ्याला चिकटले ते चिकटलेच.

"वैनी, घाबरू नका," बाहेरून आवाज आला. असं पोलीस म्हणाला की माणूस जास्त घाबरतो, हे यांना कुणी शिकवत कसं नाही? "मल्लिनाथ हितंच ऱ्हात्यात न्हवं? जरा चौकशी हाय."

यांचंच नाव! मी दार अर्धं उघडलं. मिशा पिकलेले हवालदार होते. कागद, पेन्सिल, कपाळावर घाम. पायरीवर टेकले आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तो त्यांनी घटाघटा रिकामा केला.

"कसली चौकशी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"ते सांगायचं नसतंय, वैनी. गुप्त असतंय. तुमी फक्त खरं सांगा. मालक कुनाकुनात उठबस करत्यात?"

आता हीच वेळ होती. माझ्या एका शब्दावर हे घरी राहणार होते, नाहीतर त्या मास्तरांच्या शेजारी जाऊन बसणार होते. ज्या तोंडातून दिवसाकाठी चार वाक्यं निघत नव्हती, ते तोंड असं काही सुटलं म्हणता! कुठून सुचत होतं कोण जाणे.

"उठबस? छे हो! यांना मित्रच नाहीत. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते."

हवालदारांनी भुवया उचलल्या. "एकबी दोस्त न्हाय?"

"एकही नाही."

"बाहेरगावी कुटं जानंयेनं? आत्ता ह्या दोन महिन्यांत?"

गुलबर्गा! मला दरदरून घाम फुटला. "कुठ्ठं नाही! घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जात नाहीत."

"मारामारी, भांडानतंटा?"

"मारामारी? अहो, झुरळ दिसलं तर पलंगावर चढून बसतात!"

पेन्सिल थांबली. "झुरळ?"

"पंखांचं असलं तर आरडाओरडासुद्धा करतात," मी सढळ हातानं भर घातली. "रक्त बघवत नाही. बोट कापलं तरी भोवळ येते. अंधारात परसात जायचं तर कंदील आणि सोबत लागते."

"वैनी, बास, बास. लई झालं की." हवालदार टोपी काढून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी दया होती, की मला वाटलं, सुटले हे! मग ते उठले आणि स्वतःशीच म्हणाले, "मंग अवगड हाय बाबा."

मी दार लावलं आणि तिथंच पाठ टेकून बसले. पोलिसाला मी परतवलं होतं! मी! त्या संध्याकाळी मी आपणहून शेंगपोळ्या केल्या. आत्याबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधीच दुकान बंद करून मामंजी घरी. मागं हे, मान खाली.

"कोन भेटलं त्या हवालदाराला?" मामंजींचा आवाज माडीपर्यंत गेला. "दुकानात येऊन मला म्हनतोय, 'शेटजी, एवढ्या भित्र्या पोराला लष्करात कशाला धाडताय?' वर म्हनतोय, 'पोरगा गाव सोडून गेलाच न्हाय म्हनं, मंग बेंगळूरला मुलाखत दिली कुनी? दुसराच कोन बसवला व्हता काय त्याच्या नावानं?'"

"अय्यो शिवा!" आत्याबाई मटकन खाली बसल्या.

लष्कर. बेंगळूर. मुलाखत. माझ्या हातातली परात चुलीपाशी वाजली आणि सगळ्यांना आठवण झाली, की मला यातलं एक अक्षर कळू द्यायचं नव्हतं.

मग हे माझ्याकडे आले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. पदवी असली की परीक्षा देऊन थेट अधिकारी होता येतं. परीक्षा लग्नाआधीच दिली होती. बेंगळूरला दोरावरून, भिंतीवरून नेतात, गटात बोलायला लावतात, मुलाखत घेतात. निवड झाली होती. आता गावच्या पोलिसांनी माणूस बरा आहे असं कळवलं, की मद्रासला प्रशिक्षण.

काय सांगू, मला हे ठाऊकच नव्हतं! आमच्या मैंदर्गीकडे फौजेत जायचं म्हणजे भरतीच्या मैदानात उघड्या छातीनं उन्हात उभं राहायचं. कॉलेज शिकलेला पोरगा मास्तर होतो, नाहीतर बँकेत चिकटतो. बी.एस्सी. झालेला माणूस दोराला लटकतो तो अधिकारी व्हायला, हे कुणाच्या डोक्यात येणार?

"तुझ्या अप्पांना भ्यालो आम्ही," हे म्हणाले.

ते मात्र मला कळलं. मैंदर्गीला आमच्या शेजारच्या घरचा मुलगा एकाहत्तरच्या लढाईतून परत आला नव्हता. त्याच्या आईचं रडणं मी आमच्या भिंतीपलीकडून ऐकलंय. म्हणून तर अप्पांची ती अट.

आणि आता खरी भीती सांगते. पोलिसाची भीती म्हणजे काहीच नव्हे. आत चुलीपाशी बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की मी काही बोलले नाही, तर हे कुठंच जाणार नाहीत. अप्पांची अट पाळली जाईल. हे जन्मभर डाळ मोजतील, संध्याकाळी घरी येतील. मला काहीसुद्धा करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

बाहेर आत्याबाई वैरी शोधत होत्या. "ती गौराक्काच! तिचा पोरगा मॅट्रिकला आपटला तवापास्नं आपल्यावर जळती ती. मुद्दाम मला पापडाला बोलावलं, घर मोकळं केलं!"

मामंजींनी हवालदारांना संध्याकाळी चहाला बोलावलं होतं. ते आले, टोपी मांडीवर ठेवून ओसरीवर बसले.

"कुनी सांगितलं तेवढं नाव सांगा," मामंजी म्हणाले.

"चौकशीतलं नाव सांगायचं नसतंय, शेटजी. माज्या नोकरीचा सवाल हाय." पण बोलताना त्यांची नजर एकदा पडद्याकडे येऊन गेली. बिचारे! मला वाचवत होते. "मला काय, मी लिवलेलं उद्या साहेबांकडं देतो. तुमीच सांगा, काय खरं धरू?"

"गौराक्का!" आत्याबाई अंगणातल्या दगडावर चढल्या होत्या. "ए गौराक्का! भाईर ये! तुझा पापड लाटते आता!"

"आई, खाली उतर," हे म्हणाले. "जाऊ दे. बसतो मी दुकानात." असं म्हणून ते हसले. ते हसू दिसलं आणि मैंदर्गीच्या त्या मुलाची आठवण, अप्पांची अट, मद्रास, सगळं एकदम अंगावर आलं. भीती काही कमी झाली नाही, हां! उलट वाढली. पण तशीच, पदर सावरत, मी पडदा बाजूला करून पुरुषांच्या पुढे ओसरीवर जाऊन उभी राहिले. आत्याबाई दगडावर होत्या तिथंच थांबल्या. पलीकडून गौराक्कांचं डोकं भिंतीवर आलं होतं, तेही तिथंच राहिलं.

आणि मी म्हणाले, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हवालदारसाहेब, गौराक्कांचा यात काही संबंध नाही, ते सगळं मी सांगितलंय. हे बेंगळूरला गेले होते. कोपरं सोलून आले, मी हळद लावलीय. बाकी झुरळ, अंधार, रक्त, विचारल्याशिवाय बाहेर न पडणं, यातलं काहीएक खोडू नका, अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त वर यांचं नाव लिहिलंय ना, ते काढा, आणि तिथं माझं घाला!"