निंदलेली कुंडी

मी लिहायला बसलो हा आगाऊपणाच आहे, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आमच्या घरात माझ्याआधी जे काही लिहिलं गेलं ते अंगठ्यानंच. पण एका फुलाचं ओझं मनावर आहे.

नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. वनस्पतीशास्त्राच्या सरांनी माळावरच्या एका बारक्या गुलाबी फुलाचं बी जमवलं होतं. या फुलाला आमच्याकडे नावच नाही. गुरं ते खात नाहीत, देवाला ते कोणी वाहत नाही, मग नाव ठेवणार कोण? सरांना ते कुंडीत हवं होतं. मी वर्गात उठून म्हणालो की मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, उगवून दाखवतो.

उगवलं खरं. चार पानं आली आणि पिवळं पडून मेलं. मी पुन्हा पेरलं, शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ खुरपं घेऊन कुंडी निंदली. गवताची काडी दिसली की उपटली. खोलीतले मित्र म्हणत, तण काढायला कुंडीत डवरा कधी घालतोस ते सांग, आम्ही बैल होतो. पुन्हा मेलं.

तेवढ्यात वडील वडनेरहून भेटायला आले. कुंडीतली माती चिमटीत चुरून म्हणाले,

"माळावर ज्याले कुत्रं इचारत नाही, ते तुले उगवत नाही. मंग काय शिकून राह्यला बे इथं?"

उरलेल्यातलं अर्धं बी त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधलं आणि निकाल दिला. दसऱ्यापर्यंत त्यांच्याकडे फुललं तर माझं कॉलेज बंद, मी औतामागे. नाही फुललं तर शिकायचं.

त्यांच्या हातून पीक मेल्याचं गावात कोणी पाहिलं नव्हतं. मी ट्रंक आवरायला घेतली.

रोप का मरतं, असं सरांनी त्यांच्या नागपूरच्या गुरुजींना पत्रानं विचारलं होतं; आठ दिवसांनी उत्तर आलं. हे रोप गवताच्या मुळांतून पोट भरतं, शेजारी गवत नसलं तर उपाशी मरतं. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "निंदत कोण होतं?" मी खुरपं पाठीमागे लपवलं.

नव्या कुंडीत आधी गवत लावलं, मग बी पेरलं. वडिलांना खरं कळवायला मी पोस्टकार्डही आणलं, पण 'साष्टांग नमस्कार'च्या पुढे हात चालेना. गावाहून बुलढाण्याला येणारे लोक सांगत, तुझा बाप पहाटे उठून परसात निंदतो, काडी ठेवत नाही. ऐकून लाज वाटे, आणि बरंही वाटे.

आमच्या कुंडीत सात फुलं आली. प्राचार्य पाहायला आले आणि माळ्याला म्हणाले, हे गवत अजून उपटलं कसं नाही?

दसरा झाला तरी गावाकडून काही कळेना. चौथ्या दिवशी गावचा एक जण कचेरीच्या कामाला आला आणि उभ्या उभ्या निरोप देऊन गेला.

"तुह्या बापाचं एकबी झाड जगलं नाही. म्हणते, पोराले सांग, कॉलेज सोडू नको. अन् हे काऊन मेलं, ते मास्तरले इचारून मले सांग."