दूध संस्थेच्या मागची खोली

सुमनकाकू गेल्याचा निरोप माझ्या नवऱ्यानेच आणला. अंगणवाडीत मी मुलांना खिचडी वाढत होते, तर हे दारात येऊन उभे राहिले. "काकू गेल्या... अंबाजोगाईलाच, दवाखान्यात," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. आता दीड महिना झाला. ज्या बाईमुळे हा माणूस आज माझ्यासोबत आहे, तिच्याविषयी लिहायला हवं, असं रोज वाटत होतं.

काकू आमच्या नात्यातल्या नव्हत्या. युसूफ वडगावजवळच्या आमच्या गावात त्या दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायच्या. त्यांचे यजमान फौजेत होते. ते सीमेवर शहीद झाले तेव्हा काकू ऐन पंचविशीत होत्या. पुढे दर पंधरा ऑगस्टला गाव त्यांना वीरपत्नी म्हणून खुर्चीवर बसवायचं. एका वर्षी त्यांनी माईक हातात घेतला. "माजं नाव सुमन हाय. हार घालता ते बरंय, पण बाई जेवलीस का, हे कुणी इचारत न्हाई." नंतर त्यांनी बीडला जाऊन समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं आणि संस्थेच्या मागची, रिकामे कॅन ठेवायची खोली मागून घेतली. दर गुरुवारी दुपारी तिथे आजूबाजूच्या फौजींच्या बायका जमू लागल्या. मी मात्र गेले नव्हते. आपल्याला काय गरज, असं वाटायचं...

दुष्काळाचं वर्ष होतं. माझे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेले, सासू-सासरे आणि दीर ऊसतोडीला गेलेले. घरात आम्ही दोघंच, आणि हे बोलायचे नाहीत. भांडं पडलं तरी दचकायचे. एकदा टँकरवर रेटारेटीत मागून धक्का लागला, तर ह्यांनी त्या माणसाचा गळा धरला. चौघांनी मिळून सोडवला. तेव्हापासून हे गोठ्यातच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "तुज्या भावाला दे. मला आता लागत न्हाई." हे जिवाचं काही बरंवाईट करून घेणार, हे मला समजलं. मी अनवाणीच संस्थेकडे पळाले.

काकू हातातलं काम टाकून आल्या. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. "हवालदार, छावणीवर जनावरं लई झालीत. हौद भरायला माणूस न्हाई. चला." इतक्या दिवसांत न हललेला माणूस उठला! संस्थेने चालवलेल्या त्या चारा छावणीवर आठवडाभर दोघांनी पाणी भरलं. संध्याकाळी त्या ह्यांना घरी आणून सोडायच्या आणि आमच्याच ओसरीवर झोपायच्या. मी वैतागले. इथे माणूस हातचा चाललाय आणि ह्या बादल्या उचलायला लावतात. तसं बोलूनही दाखवलं. "बोल म्हणलं की कुणी बोलत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "अन् मी त्यांना नजरेआड हुऊ देत न्हाई."

आठव्या दिवशी हौदावरच हे बोलले. ह्यांना ताप होता म्हणून एक सोबती ह्यांच्या जागी गस्तीला गेला होता, तो परतलाच नव्हता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "त्यात तुमचा गुन्हा न्हाई. मीबी फौजीचीच बायको. त्याची बायकोच सांगते, असं समजा." हे हौदाच्या कट्ट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी काकू मला म्हणाल्या, "हे एकट्या माज्यानं व्हायचं न्हाई. अंबाजोगाईला मनाचे डॉक्टर हायत. मी संगं येते." तिथल्या दवाखान्यात हे डॉक्टरांकडे आत गेल्यावर बाहेरच्या बाकावर त्यांनी विचारलं, "आन तुजं काय गं?" वर्षभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. कितीतरी वेळ मी रडत होते, त्या नुसत्या बसून होत्या.

काकू तऱ्हेवाईक होत्या. कुणी गुरुवार चुकवला की घरी येऊन फटकारायच्या. स्वतःचं दुखणं मात्र अखेरपर्यंत लपवलं. त्याचा मला अजून राग येतो...

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी खोली झाडून कुलूप लावावं म्हणून आम्ही दोघं गेलो. दारात तलवाड्याहून आलेली एक तरुण बाई बसली होती. काकू गेल्याचं तिला माहीत नव्हतं. तिचा नवरा महिन्याभरापूर्वी सुट्टीवर आलेला, खोलीबाहेर पडत नव्हता. मी चटई अंथरली आणि तिच्याशेजारी बसले. ती बोलू लागली. दाराशी उभे राहून हे ऐकत होते. तिचं बोलणं थांबल्यावर म्हणाले, "ताई, उद्या सकाळच्या एसटीनं मी येतो. त्यांना सांगू नका कशाला ते. नुसता बसंन त्यांच्यापाशी."