पाय हलला नाही

उत्तरेकडच्या एका डोंगरी रस्त्यावर आमची वाहतूक कंपनी तैनात होती. रस्त्याचं आणि युनिटचं नाव लिहीत नाही. मी एमटी हवालदार होतो. गाड्या आणि ड्रायव्हर तयार ठेवणं माझं काम. माझं गाव सास्तूर, तालुका लोहारा. नायक रामहरी देवकते परंडा तालुक्यातला. कंपनीत धाराशिव जिल्ह्याचे आम्ही दोघंच होतो.

दिनक्रम ठरलेला होता. पहाटे पाचला तपासणी: ब्रेक, टायर, दिवे, ड्रायव्हर. साडेपाचला कॉन्व्हॉय सुटायचा. आज रसद वर, उद्या रिकाम्या गाड्या खाली. ड्रायव्हर दहा-दहा तास सीटवर असायचा. कंबर सगळ्यांचीच दुखायची, पण एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, ते कुणी सांगत नसे. सांगितलं की लो मेडिकल कॅटेगरी लागायची भीती. कॅटेगरी लागली की स्टिअरिंग जातं आणि बढती थांबते.

रामहरीचं दुखणं कमरेवर थांबत नव्हतं. कळ उजव्या पायात उतरायची आणि पाऊल बधिर व्हायचं. प्रत्येक हॉल्टला तो खाली उतरून पाय जमिनीवर आपटायचा.

"काय रे?" मी एकदा विचारलं.

"पाय झोपलाय, हवालदारसाब. उठवतोय."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवतो की. मग मला स्टोअरला बसवतील, ब्लँकेटाच्या घड्या घालायला. पुढच्या महिन्यात बढतीचा कॅडर कोर्स हाय. तेवढं होऊ द्या. आन् घाटाची भीती मला घालू नका, तुमच्या सास्तूरच्या रस्त्यापरीस ह्यो लई बरा."

मी हसलो. तपासणीच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे 'फिट' लिहिलं. पुढचे तीन आठवडे रोज लिहिलं.

त्या दिवशी आम्ही खाली येत होतो. मी पहिल्या गाडीत, रामहरी दुसरीत. एका ड्रायव्हरला ताप होता म्हणून रामहरीचा को-ड्रायव्हर त्या गाडीवर दिलेला. रामहरी एकटा होता. वॉकीटॉकी त्याच्या छातीला अडकवलेला. दहा वाजून वीस मिनिटांनी पहिली गाडी उताराखालच्या चेकपोस्टवर पोचली आणि डोंगराच्या बाजूला उभी राहिली. चेकपोस्टवरच्यांसह आम्ही सात जण गाडीजवळ उभे होतो.

दहा पस्तीसला दोन नंबर वरच्या वळणावर दिसली. वेग जास्त होता.

"दो नंबर, स्पीड कम करो. ओव्हर."

उत्तर आलं नाही.

"रामहरी, ब्रेक!"

"सामने खाली करो. पैर नहीं है."

एवढंच. मागची चाकं घसरली. त्यानं हँडब्रेक ओढला असावा. गाडी थांबली नाही, घसरत आमच्याकडे येऊ लागली. डोंगराच्या बाजूला आम्ही होतो, दरीची बाजू मोकळी होती. त्यानं स्टिअरिंग दरीकडे वळवलं. तेव्हा दहा सदतीस झाले होते. आम्ही दोर लावून खाली पोचलो अकरा पन्नासला. तो गेलेला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला दोन प्रश्न विचारले गेले.

"ड्रायव्हर फिट था?"

"फिट था, साहब."

"आखिरी मेसेज?"

"सामने खाली करो."

पुढचे तीन शब्द मी गाळले; वॉकीटॉकी माझ्याच कानाला होता. ते सांगितले असते तर रामहरीनं दुखणं लपवलं हे कागदावर आलं असतं आणि मी ते लपवू दिलं हेही. मी स्वतःला सांगितलं की त्याच्या नावाला डाग नको. निष्कर्ष आला: चालकाचा वेगावर ताबा राहिला नाही. हे वाक्य त्याच्या गावात पोचलं आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला. दारू पिऊन गाडी चालवली, असं बोललं जाऊ लागलं. ते माझ्या कानावर आलं. मी गप्प राहिलो.

निवृत्तीनंतर सास्तूरला आलो. कंबर आधीपासून धरलेली होती. चार वर्षांपूर्वी ती कायमची दुखू लागली. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, व्यायाम झाले. शेवटी धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथं दर गुरुवारी सोलापूरहून वेदनातज्ज्ञ डॉक्टर येतात. चाळिशीच्या बाई आहेत. त्यांनी एमआरआय पाहिला.

"दहापैकी किती दुखतं?"

"दोन."

माझी बायको मालन शेजारी बसली होती. "दोन? डॉक्टरबाई, ह्यांच्या पायात मोजं मी घालते. मोटारसायकलवर बसताना असं तोंड करत्यात की रस्त्यानं जाणारं माणूस थांबून इचारतंय, काय झालं म्हणून."

"हवालदारसाहेब, दोनवाल्याला मी सुई लावत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खरा आकडा सांगा."

"सात."

"आठ लिवा," मालन म्हणाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. चकती ठीक होती. मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे झिजले होते आणि त्यांचं दुखणं बारीक नसांवाटे मेंदूकडे जात होतं. आधी त्या नसा इंजेक्शननं काही तास बधिर करून बघायच्या. दुखणं थांबलं तर नसा त्याच, हे ठरतं. मग पुन्हा बोलावून सुईच्या टोकानं त्या नसा तापवून बंद करायच्या. चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी. वर्षभरात नस पुन्हा वाढू शकते. तेव्हा पुन्हा करावं लागेल.

चाचणीचं इंजेक्शन घेतलं त्या दुपारी मी जमिनीवर मांडी घालून जेवलो. पाच तासांनी दुखणं परत आलं. नसा त्याच होत्या.

ठरलेल्या गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला टेबलावर पालथं झोपवलं. पोटाखाली उशी, वर एक्स-रेचं यंत्र. कातडी बधिर केली. मी जागा होतो.

"झोपेचं औषध देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मला तुमच्याकडून ऐकायचंय. सुई पोचली की बारीक करंट सोडणार. कमरेत जाणवला तर जागा बरोबर. पायात उतरला तर सुई पायाच्या नसेजवळ आहे. तिथं तापवलं तर पाऊल लुळं पडू शकतं. लगेच सांगायचं. समजलं?"

"समजलं, मॅडम."

पहिली सुई. "कुठं जाणवतंय?"

"कमरेत."

"पायात?"

"नाही."

मग दुसरा करंट, पाय उडतो का ते बघायला. सिस्टरचा हात माझ्या उजव्या पोटरीवर होता. पाय उडाला नाही. तापवणं नव्वद सेकंद चाललं. आत खोल ठणका लागला, सोसण्यासारखा.

दुसरी सुई अकरा चाळीसला पोचली. करंट सुटला आणि कमरेतून मांडीमागून पोटरीत, तिथून अंगठ्यापर्यंत गेला.

"कुठं?"

"कमरेत."

"पायात?"

"नाही."

मी विचार करून उत्तर दिलं नव्हतं. ते आपोआप गेलं. दुसरा करंट आला तेव्हा पोटरी उसळू लागली. मी गुडघ्यापासून टाचेपर्यंत पाय आवळून धरला, परेडला सावधानमध्ये धरतात तसा.

"सिस्टर, पाय?"

"पाय हलला नाही, मॅडम."

"ठीक. आतून बधिर करू, मग नव्वद सेकंद."

त्यांनी सिरिंज मागितली. ते औषध आत गेलं की करंट कुठं जातो हे मला कळणार नव्हतं आणि त्यांनाही कळणार नव्हतं. सिरिंज ट्रेमधून उचलल्याचा आवाज आला. रामहरीचे तीन शब्द मला तेव्हा ऐकू आले, त्याच्या आवाजात.

"थांबा."

"दुखतंय?"

"करंट पायात गेला. अंगठ्यापर्यंत. दोन्ही वेळा."

"मघाशी नाही म्हणालात."

"खोटं बोललो."

"मग पाय हलला कसा नाही?"

"आवळून धरला होता."

डॉक्टरांनी यंत्र आडवं फिरवून बाजूनं चित्र घेतलं. सुई तीन मिलिमीटर पुढे गेली होती. त्यांनी ती मागे घेतली आणि पुन्हा करंट सोडला.

"आता?"

"कमरेत. फक्त कमरेत."

"पाय सैल सोडा. सिस्टर, नीट बघा." मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "फौजेत शिकवतात का हे?"

"शिकवत नाहीत, मॅडम. सवय लागते अंगाला."

"तिसऱ्या सुईला मी विचारायच्या आधी बोलायचं."

तिसऱ्या सुईला मी आधी बोललो. साडेबाराला मला बाहेर आणलं. सिस्टरनं मालनला सगळं सांगितलेलं होतं. तिनं माझ्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला.

"कळतंय का?"

"कळतंय."

"खरं?"

"खरं."

पहिले दहा दिवस दुखणं तसंच होतं. तिसऱ्या आठवड्यात उतरलं. आकडा आता दोन किंवा तीन आहे आणि तो खरा आहे.

पाचव्या आठवड्यात एसटीनं परंड्याला गेलो, तिथून रामहरीच्या गावी. त्याची बायको सिंधू अंगणात तूर पाखडत होती. मी खाली बसलो आणि सांगितलं: पायाचं दुखणं, माझं रजिस्टर, वॉकीटॉकीवरचं पूर्ण वाक्य, गाळलेले तीन शब्द. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"पायाचं मला ठावं हुतं, भावजी. सुट्टीला आल्यावर चप्पल पायातून गळायची, त्यांना पत्ता नसायचा. मला कुणी इचारलंच न्हाय." मग ती म्हणाली, "लोकं म्हणत्यात पिऊन चालवली. तुमी ऐकलं हुतं का?"

"ऐकलं होतं."

"कवा?"

"त्याच वर्षी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली घेतली नाही.

"पुढं किती माणसं हुती?"

"सात."

"त्यांची नावं सांगा."

मी सांगितली. शेवटचं माझं होतं. ती उठली आणि दारातून दिराला हाक मारली. "आवो, पारावर बसल्यात त्यांना बोलवून आणा. सगळ्यांना. ह्यांना परत सांगायचंय."

दहा-बारा माणसं आली. मी उभं राहून वेळांसकट पुन्हा सांगितलं. एकानं टोपी काढून हातात घेतली. एक जण, जो आधी बरंच बोलला असावा, मध्येच निघून गेला.

लेखी जबाब मी रेकॉर्ड ऑफिसला पाठवला आहे. उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत तो इथं नोंदवतो.

नायक रामहरी देवकते, वय चौतीस, गाडी नंबर दोन. दारू प्यायलेला नव्हता. उजवा पाय निकामी झालेला असताना दहा सदतीसला त्यानं स्टिअरिंग दरीकडे वळवलं. डोंगराच्या बाजूला उभ्या असलेल्या सात जणांपैकी कुणालाही खरचटलं नाही.