तांदूळ आधी

आमच्या काळाचौकीत गिरणी म्हटलं की लोकांना कापडाची आठवते आणि ते उसासे टाकतात. आमची गिरणी पिठाची. ती कधी बंद पडली नाही, त्यामुळे तिच्यासाठी कुणी उसासे टाकत नाही. बाबांचे गुडघे गेले, त्याच सुमारास माझी ऑफिसातली नोकरीही गेली, आणि मी गल्ल्यावर येऊन बसले. ऑफिसात माझं काम एकच, दुसऱ्यांच्या कामातला वेळ वाचवायचा. तिथे प्रत्येक गोष्टीचा तक्ता असायचा. इथे होते ओळीने मांडलेले स्टीलचे डबे आणि दळणारे मामा. मामा म्हणजे नात्याने कुणी नव्हेत. बाबांच्या हाताखाली उभी हयात काढलेला हा कोकणातला माणूस, त्यांना सगळा परिसर मामाच म्हणतो.

पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं. गव्हाचा डबा घेऊन साडेसातला आलेला माणूस ताटकळत उभा, आणि आठला आलेल्या बाईचे तांदूळ मामा आधी दळून देणार. रोज कुणीतरी माझ्याशी भांडायचं. मला वाटलं, झालं, इथेही वशिला आहे. दळणात कसला आलाय वशिला! पण मी ऑफिसातून आले होते, मला तो सगळीकडेच दिसायचा.

मग मी फोनवर नंबर लावायची सोय केली. घरबसल्या नंबर घ्यायचा, डबा आणून ठेवायचा, पीठ तयार झालं की फोनवर मेसेज. बाबा तेव्हा आंब्यांसाठी गावी गेले होते, त्यांना विचारायची मला गरजही वाटली नाही. मामांना समोर उभं करून सगळं समजावलं.

"ताई, पण तांदूळ आधी काढतो आपण," मामा म्हणाले.

"मामा, आता नंबर म्हणजे नंबर."

"बरं," म्हणाले आणि कामाला लागले.

सोय लोकांना आवडली, हे खोटं नाही. समोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींनी तर तोंडभरून कौतुक केलं. दर सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी त्या तांदळाचा डबा घेऊन यायच्या आणि दळून होईपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. "आता उभं राहायची कटकट गेली ओ ताई," त्या म्हणाल्या. तो सबंध दिवस मी हवेत होते.

त्याच आठवड्यात गुरुवारी त्या गिरणीपुढून जाताना थांबल्या. चेहरा पार उतरलेला.

"पोरीचं पोट बिघडलंय, चार दिवस झाले. तिला गहू चालत नाही ना, कणभरसुद्धा. सासूबाईंनीच चोरून बिस्किट भरवलं असणार. नाही म्हणतायत, पण मग दुसरं काय असेल, सांगा."

मुलीला गहू चालत नाही हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वहिनी पुढे गेल्या तशी मामांनी गिरणी बंद केली.

"ताई, सोमवारचे त्यांचे तांदूळ गव्हावर दळलेत. आठ नंबर गहू होता, नऊ नंबर त्यांचा."

दगडांत आधीच्या दळणाचं पीठ राहतं, ते पुढच्या दळणात उतरतं. म्हणून संध्याकाळी गिरणी झाडून ठेवायची, सकाळी आधी तांदूळ, मग ज्वारी-बाजरी, दुपारी गहू, शेवटी हरभऱ्याची डाळ. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. भाकरीला दुसऱ्या धान्याची चव नको, एवढंच मामांना ठाऊक. "पोरीचं माका माहीत असतां ना, तर तुमचं ऐकलंच नसतं ओ," ते म्हणाले.

मला त्यांचाच राग आला. आधी ओरडून का नाही सांगितलं? मग आठवलं, सांगितलं होतं. मीच पुढे बोलू दिलं नव्हतं. माझे साहेब हेच करायचे तेव्हा जेवणाच्या सुट्टीभर मी त्यांना शिव्या घालायचे.

फोनवरची ती सोय अजून आहे आणि छान चालते. फक्त नंबर आता धान्याप्रमाणे लागतो, आणि तो क्रम मामांनी माझ्याशेजारी बसून लिहून घ्यायला लावला. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आधी समोरचा जिना चढायचा होता. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. बोलले तर गिऱ्हाईक जाणार, वर चाळभर बोभाटा. पण वर एक म्हातारी खोटी ठरत होती.

दार उघडंच होतं. मुलगी पलंगावर चित्र रंगवत होती, तोंड सुकलेलं पण डोळ्यांत तरतरी. तिची आजी लांब, गॅलरीच्या दाराशी खुर्चीवर. वहिनी भांडी घासत होत्या. मी उंबऱ्यातूनच सांगून टाकलं.

"वहिनी, बिस्किट नव्हतं. सोमवारचं पीठ टाकून द्या. तुमचे तांदूळ मी गव्हावर दळायला लावले. मामांचा दोष नाही, माझा आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" वहिनी कडाडल्या. "मी तिथे उभी राहायचे ती काय हौस म्हणून? झाडलेल्या दगडावर पहिला डबा आमचा, म्हणून तर भरवसा होता! फोनवरही तांदूळ आधीच घेणार, असं वाटलं मला!"

अजून बरंच बोलल्या. मी ऐकून घेतलं. मग त्या एकदम थांबल्या, ओले हात तसेच, आणि गॅलरीकडे वळल्या.

"आई, चुकलं माझं."

आजींनी मान वर केली नाही. पदराशी चाळा करत राहिल्या.

"चार दिवस पोरीला माझ्याजवळ येऊ दिलं नाहीस गो," त्या म्हणाल्या. "आता तरी येऊ दे."

वहिनी काही बोलायच्या आत मुलगी रंगपेटी घेऊन आजीच्या मांडीवर जाऊन बसली होती.