चर्चापानावर मोसंबी

कॉलेज संपल्यावर मी अंबडच्या सायबर कॅफेत नोकरीच्या जाहिराती बघायला जायचे. तिथेच इंटरनेटवरचा एक मराठी ज्ञानकोश सापडला. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, मोबदला कुणालाच नाही. माझी शाळा इंग्रजी. मराठीत साधं पोस्टकार्डही धड लिहिलेलं नव्हतं. पण इथे चेहरा दाखवावा लागत नव्हता. बरेच दिवस मी दुसऱ्यांच्या लेखांतल्या बारीकसारीक चुका दुरुस्त करत राहिले.

मग मोसंबीचा लेख दिसला. जेमतेम दोन ओळी. आमच्या बागेत मोसंबीच होती, म्हणून धीर करून भर घातली: बहार धरण्याआधी झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात, पानं पिवळी पडून गळू लागली की पुन्हा देतात, मग झाड फुलतं. याला ताण देणं म्हणतात.

पुढच्या खेपेला ते सगळं काढलेलं होतं. एका अनोळखी सदस्याचा शेरा होता, "झाडे टंचाईमुळे सुकतात. मुद्दाम कोण सुकवेल? कृपया चर्चापानावर खुलासा करावा."

चर्चापान म्हणजे लेखाच्या मजकुरावर वाद घालायचं पान, तेही सगळ्यांसमोर. शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. संगणक बंद केला आणि ठरवलं, आता पुरे.

तेव्हा बाग ताणावरच होती. शेतात थोरल्या काकूंनी, म्हणजे आमच्या मोठ्या आईनं, माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी बिनसल्याचं ओळखलं. मी सगळं सांगितलं.

"मंग तू काय बोललीस त्याला?"

"काही नाही."

"भांडला तर न्हाई ना? इचारलंच त्यानं. माझ्या माहेरी तरी कुठं होती मोसंबी? नवी नवरी होऊन आल्ते, तवा वाटलं, बिचारी झाडं मरून राह्यली. रोज गुपचूप घागरीनं पाणी घातलं. त्या दोन झाडांना फूलच आलं न्हाई!"

"दोन न्हाई, चार!" बांधावरून काका ओरडले.

"बघ, अजून टोचून राह्यले."

आठवड्यानं मी चर्चापान उघडलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी मोठ्या आईचीच हकीकत जशीच्या तशी टाकली आणि बटण दाबलं.

पुढच्या खेपेला त्याच सदस्याचं उत्तर आलं होतं: "आमच्याकडे समुद्रकाठी फक्त नारळ. हे ठाऊकच नव्हतं, क्षमस्व. मजकूर परत घातला आहे. कृषी खात्याची पुस्तिका मिळाल्यास संदर्भ जोडावा. सीताफळ, डाळिंब हे लेखही ओस पडले आहेत. आपण नियमित बघाल का?"

'जमेल तसं बघते' एवढं बोटांवर आलंच होतं. तसं लिहिलं की पुढे कुणी विचारत नाही.

मी लिहिलं, "दर बुधवारी येईन. आधी सीताफळ घेते."